मुडपलेलं बोट

सर कशाकडंही सरळ बोट दाखवत नसत. फळ्यावरची आकृती असो, बेकरीच्या बरणीतली नानकटाई असो, की एसटीच्या कंडक्टरला "थांबा, मागं एक म्हातारी राहिलीय" असं सांगायचं असो, उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरात मुडपायची आणि तिचं हाड पुढं करायचं. काकडीच्या कोवळ्या कळीला बोट दाखवलं की ती गळून पडते, म्हणून बोट मुडपून दाखवावं, हे आपल्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण ते काकडीपुरतं. सरांनी सगळं जगच काकडीच्या मांडवाखाली नेऊन बसवलं होतं, आणि हा माणूस ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होता.

मी तिथं रुजू झाले त्या दिवशी नमुन्यांचं कपाटही त्यांनी मला असंच दाखवलं. मला वाटलं, बोट आखडलंय बिचाऱ्यांचं. मी आपली काळजीनं म्हटलं, "सर, डॉक्टरांकडं जाऊन आलात का?"

त्यांनी बोट छताकडं करून क्षणभर सरळ केलं, पुन्हा मुडपलं. "होतं सरळ," ते म्हणाले. "पण सरळ बोटाच्या मागनं माणसं येतात."

पुढं काही नाही. मी नवीन होते, तासिका तत्त्वावर होते, त्यामुळं हसले नाही.

गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि ज्या वेलीपायी हे सगळं झालं तिचं शास्त्रीय नावही लिहिणार नाही. दौंडकडून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरलं की आधी उसाचा पट्टा लागतो. तो संपला की जमीन चढायला लागते, माती विरळ होते आणि मुरूम उघडा पडतो. त्या चढावर ते गाव, आणि गावाच्या डोक्यावर माळ. इतकं पुरे. मी दौंडला राहते. नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो आणि मी स्कूटरवरून कॉलेजला, अंगात पांढरा सनकोट आणि डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फात गुंडाळलेला. हा सनकोट ध्यानात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

सर उंच, वाळके, बारा महिने पांढऱ्या फुलशर्टात. बोलायचे इतकं हळू की घरात कुणाचा तरी नुकताच डोळा लागलाय असं वाटावं. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरं आपण होऊन पुढं येऊन बसायची, ऐकू यावं म्हणून. गणिताच्या सरांना घसा फोडूनही हे कधी साधलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. दौंडला रेल्वे लाइनीजवळ एक थोरली बहीण राहायची, तेवढंच गणगोत.

गावात ते पिठाच्या गिरणीवर खोली घेऊन राहत. गिरणीवाल्या काकूंनी एकदा मला दळणाच्या रांगेतून बाजूला घेतलं. "म्याडम, तुमी शिकल्यासवरल्या. सरास्नी जरा विचारा की, त्या खिडकीतल्या कुंड्यांत काय हाय? पान न्हाई, फूल न्हाई, आन् रोज सकाळी त्यांच्याशी बोलत्यात. मला तर वाटतंय कुणाच्या तरी अस्थी हायेत."

मी काहीतरी निमित्त काढून वर गेले. खिडकीत मातीच्या कुंड्यांची ओळ होती. सगळ्या मुरमानं भरलेल्या आणि प्रत्येकीच्या तोंडाला विरळ पांढरं फडकं बांधलेलं. वनस्पतींचा मास्तर, पण घरात साधी तुळस नाही.

"यांत काय आहे, सर?"

"झोपलेत," सर चहा गाळत म्हणाले.

"उठणार कधी?"

"ते मला कसं कळणार? काही जण उठायचेही नाहीत."

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. जमीन हादरायला लागली आणि फडक्यांखाली मुरमाचे खडे हलले. गिरणीमुळंच हलले, हे मला कळत होतं. पण त्यातल्या एका कुंडीत खडे गिरणी बंद झाल्यावरही हलल्यासारखे वाटले, आणि मी चहा अर्धा ठेवून खाली आले. काकूंना म्हटलं, "औषधी माती आहे." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि माझाही.

सरांचं झाडांशी वैर आहे असं गाव म्हणायचं. पावसाळा तोंडावर आला की शाळा, कॉलेज, बँक, पतपेढी, सगळ्यांना झाडं लावण्याचा झटका येतो. खड्डा, रोप, पाच-सहा हात आणि एक फोटो. आमच्या कॉलेजच्या असल्या सगळ्या फोटोंत एका कडेला सरांची पाठ आहे. प्राचार्य चिडायचे, पण सर कार्यक्रमाला हजर असत, फक्त तोंड फिरवून. वर्गात कुणी माळाला 'पडीक जमीन' म्हटलं की सर त्याला तिथंच फरशीवर आडवं व्हायला लावत आणि बाकीच्यांना विचारत, "हा आता पडीक आहे. याच्यावर करंज लावू या का?" वर्ग हसून लोळायचा. मग सर हळूच म्हणायचे, "खड्डा पाडण्याआधी विचारावं, खाली कोण आहे." हे ते असं म्हणत की हसू आपोआप थांबायचं.

गावातली झाडं लावायची सगळी हौस ज्यांची, ते आबा. खूप वर्षं सरपंच होते. आता पाटीवर सुनेचं नाव असलं तरी शब्द आबांचाच चालतो. माणूस वाईट नाही. शाळेभोवतीची निंबाची रांग त्यांनी स्वतः घागरीनं पाणी घालून जगवली आहे. आणि म्हणूनच सरांची पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. झाडं लावणाऱ्याशी कसं भांडायचं?

सरांनी मला माळावर नेलं ते भाद्रपदात, आणि भर दुपारी. ते नेहमी दुपारीच जायचे. "सकाळ-संध्याकाळ गुरं असतात, माणसं असतात," ते म्हणाले. "दुपारी माळ एकटा असतो." माळाची कड आली तशा त्यांनी चपला काढून काखेत धरल्या, किंचित वाकले आणि घरात शिरल्यासारखे म्हणाले, "उठू नका, मीच आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. गुडघ्याएवढं गवत, मधून मधून काटेरी झुडपं, आणि सावल्या ज्याच्या त्याच्या पायाखाली. सर माझ्याकडं बघत थांबले होते. "तुम्हीही सांगा. त्यांची तुमची ओळख नाही अजून." मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तरी पुटपुटले. आणि मग आम्ही चालायला लागलो तशी गवतातली किरकिर आमच्या पुढं पुढं थांबत गेली. आम्ही पोचायच्या आधीच तिथं शांतता झालेली असायची. किडे पावलांनी गप्प होतात हे मी पोरांना शिकवते. त्या दिवशी मला ते शास्त्र अपुरं वाटलं.

एका काटेरी झुडपापाशी सर उकिडवे बसले आणि मुडपलेलं बोट पुढं केलं. मला आधी काहीच दिसलं नाही. मग दोऱ्याएवढी एक वेल दिसली, काट्यांच्या आधारानं चढलेली, आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढी फुलं. बुडाशी फुगीर, वर निमुळती नळी, आणि शेंड्याला पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. अगदी छोटा कंदील. गुराखी तिला खरपुडी म्हणतात. पूर्वी भुकेला तिचे कंद उकरून खायचे.

"आत बघा," सर म्हणाले.

उन्हाकडं धरलेल्या फुलाच्या फुगीर पोटात एक बारीक सावली फिरत होती.

"माशी आहे. वासानं आत आली. नळीत केस आहेत, खाली वळलेले. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. मारत नाही ही तिला. ठेवून घेते. मग केस सुकतात, दार मोकळं होतं, आणि ही तिच्या अंगावर पराग चिकटवून सोडून देते."

"कशासाठी?"

"दुसऱ्या कंदिलात जावं म्हणून."

"एकदा कोंडली गेलेली माशी परत जाते?"

"न जाऊन कसं चालेल? माशी शहाणी झाली की ही वेल संपली." आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून उभीच राहिले. त्या दिवशी मी माळावरून घरी आले खरी, पण सुटून आले असं मला आजही वाटत नाही.

जगातल्या धोक्यातल्या वनस्पतींची एक लाल यादी असते. तीत हिच्यापुढं 'असुरक्षित' असं लिहिलं आहे. सर म्हणायचे, "असुरक्षित म्हणजे काय, तर घरात माणूस आहे, पण दार सताड उघडं आहे." हिला माती नको, मुरूम हवा. सावली नको, ऊन हवं. चढायला काटा हवा आणि गवत फार माजू नये म्हणून थोडी गुरंही हवीत. म्हणजे आपण ज्याला ओसाड म्हणतो नेमकं तेच तिचं घर. तिथं झाडांसाठी चर खणला की कंद कापले जातात, आणि उरलेले पुढं सावलीनं मरतात. पाऊसकाळ सरला की वेल वाळून जाते आणि वर काही उरत नाही. खाली चपट्या कांद्याएवढा कंद तेवढा राहतो. पाऊस मनासारखा नसला तर तो दोन दोन, तीन तीन वर्षं उठतच नाही. "त्यामुळं दिसत नाही म्हणजे नाही, असं इथं म्हणता येत नाही," सर म्हणाले आणि कुशीवर आडवे होऊन त्यांनी जमिनीला कान लावला. "ऐका."

मीही लावला. कानात आपलंच रक्त वाजतं, मला माहीत आहे. तरी मी बराच वेळ कान काढला नाही.

बोटाची गोष्ट त्यांनी उतरताना सांगितली, एकदाच. मी यायच्या कितीतरी आधी एक पाहुणा आला होता. "फार सज्जन. मराठी किती गोड. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्यायला." एवढा जाणकार भेटला म्हणून सर हरखून गेले आणि माळभर फिरून सरळ बोटानं दाखवत सुटले, ही बघा, ती बघा, ती तिकडं. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर तिथं तिथं खड्डे. वाटीएवढे, काठ नीट राखलेले, चमच्यानं श्रीखंड काढावं तसे. "कंद कुणाच्या तरी गच्चीत गेले असतील. महिनाभर जगले असतील," सर म्हणाले. खड्ड्यांत राहिलेले कापलेले तुकडे त्यांनी वेचून घरी आणले. कुंड्यांत झोपले होते ते हे.

पुढच्या वैशाखात आबांची माळावर झाडं लावायची योजना मंजूर झाली आणि तिथं फक्कीच्या रेघा पडल्या. मी परीक्षेची सुपरव्हिजन उरकून धावत गेले तेव्हा दुपार झाली होती. जेसीबी उभा होता, आबा छत्री घेऊन उभे होते, आणि सर त्यांच्या पुढ्यात.

"सर, आमी काय पाप करतोय व्हय? झाडंच लावतोय न्हवं?"

"लावा आबा. इथं नका लावू."

"का पर? तुमची ती खरपुडी, तीच न्हवं? दाखवा मला. एक दाखवा, ही मिशन माघारी धाडतो. हाय कुठं?"

वैशाखातला माळ. काडी नाही. वेली वाळून, उडून गेलेल्या. सरांचा हात वर आला, बोट अर्धवट सरळ झालं. मला वाटलं, आता दाखवणार. पण वर काही नव्हतंच. दाखवायचं तर उकरून काढावं लागणार होतं, त्या पाहुण्यानं काढलं तसंच, आणि स्वतःच्या हातानं. बोट परत मुडपलं. मग त्यांनी चपला काढल्या, जेसीबीच्या तोंडापुढं गेले, वाकून आपलं वाक्य म्हणाले, आणि तापलेल्या मुरमावर कुशीवर झोपले. गालाखाली हात, जमिनीला कान.

ड्रायव्हर बिहारकडचा होता. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि लांबूनच वाकून बघायला लागला. "बाबूजी, नीचे कोई है क्या?"

"हैं," सर डोळे मिटून म्हणाले. "बहुत हैं. सोये हैं."

इतक्या उन्हात कुणाचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हाच पाहिला. त्यानं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. "हम नहीं खोदेंगे साहब. किसी और को बुला लीजिए." दुसरं कुणी आलं नाही. मशीनवाली सगळी पोरं यवतच्या एका ढाब्यावर जेवतात. एकानं सांगितलं की सगळ्यांना कळतं.

आबा लाल झाले होते. "सर, भुताटकी लावून दिली तुमी गावाच्या मागं."

सर उठून बसले, गालावरचे खडे झाडले. "आबा, मी एक अक्षर तरी खोटं बोललो का?"

पुढं त्या चार शब्दांचं गावानं काय काय केलं! कुणी म्हणालं प्लेगातली प्रेतं पुरलीत, कुणी म्हणालं लढाईतली. दुपारी मेंढरं त्या अंगाला जाईनाशी झाली. एका गुराख्यानं श्वास ऐकले. सरांना हे आवडत नव्हतं, पण ते नाहीही म्हणत नव्हते. "भीतीवर फार दिवस निभत नाही," ते मला म्हणाले. "माणसं भीतीलाही नारळ देऊन मोकळी होतात." मात्र त्यानंतर मला एक जाणवायला लागलं. माळावर चालता चालता सर मधेच थांबायचे, मान किंचित कलती करायचे, आणि "हो हो" म्हणून पुढं निघायचे. मी काही बोललेली नसायची.

दोन वर्षांनी त्यांना गिरणीच्या जिन्यात झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. बहिणीनं दौंडला नेलं, कुंड्यांसकट. मी दौंडलाच राहत असल्यानं वरचेवर जायची. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचा उजवा हात पाहून मला रडू आवरेना. मूठ घट्ट वळलेली, आणि एकच तर्जनी बाहेर, मधल्या पेरात मुडपलेली. व्यायाम घ्यायला एक जण यायचा. तो ते बोट रोज ओढून सरळ करी आणि सोडलं की ते पुन्हा मुडपे. शेजारून मालगाडी गेली की खाट हलायची, कुंड्यांतले खडे हलायचे, आणि सर तिकडं डोळे लावून पडून राहायचे.

त्याच दिवसांत आबा कॉलेजात मला शोधत आले. चांगलेच थकले होते. "म्याडम, योजना परत आलीया. आता वरनं. मिशनी बाहेरच्या जिल्ह्यातनं येणार, त्यांला आपलं भूत ठावं न्हाई. आन् गावची पोरं म्हणत्यात, माळाची शांत करून घेऊ. पुण्याच्या एक शास्त्रज्ञ बाई येऊन बघायला तयार हायेत. त्यांला वेल दाखवली तर माळ वाचंल. न्हाई तर चर पडणार."

"आबा, तुम्ही कधीपासून खरपुडीच्या बाजूनं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ते झोपलं व्हतं न्हवं मिशनीपुढं? त्या पावसाळ्यात मी गुपचूप जाऊन आलो. जिथं त्यांचा कान व्हता, बरूबर तिथनंच वेल वर आलती. म्हंजी ठावं व्हतं त्यास्नी. मी कुणाला बोललो न्हाई." मग म्हणाले, "सरांनी भुताच्या नावानं आजवर राखलं. पर भूत काय कागदावर येत न्हाई, म्याडम."

खरं होतं. पण ज्या माणसानं सगळी हयात बोट मुडपून काढली त्याचा माळ मी कुणाला कशी दाखवणार? आणि न दाखवून तरी कशी राहणार? मी सरांना विचारायला गेले. खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं, आबा काय म्हणाले, बाई कधी येणार. शेवटी म्हटलं, "सर, दाखवू का?"

ते छताकडं बघत होते. मग चांगला होता तो डावा हात हळूहळू अंगावरून सरकवत आणला, उजव्या हाताची ती तर्जनी धरली आणि सरळ करायला लागले. घाम फुटला. बहीण धावत आली, "नको रे, दुखेल," म्हणाली. त्यांनी मान हलवली. बोट सरळ झालं. ते त्यांनी खिडकीकडं केलं नाही, कुंड्यांकडं केलं नाही. माझ्याकडं केलं. बाहेरून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत ते थरथरतं बोट माझ्यावरून हललं नाही.

मी त्याला परवानगी समजले.

शास्त्रज्ञ बाई यायच्या आधीच सर गेले. तेरावं झाल्यावर बहिणीनं कुंड्या माझ्यापुढं ठेवल्या. "या तू ने बाई. मला रात्री झोप लागत नाही यांच्यामुळं." मी एका दुपारी त्या माळावर नेल्या, हातानं खड्डे केले, आणि आतले सुरकुतलेले चपटे तुकडे परत मुरमात ठेवले. बहुतेक चुरा झाले होते. दोन-तीन दाबून पाहिले तर आतून घट्ट लागले. लांबून कुणीतरी पाहिलं असणार. संध्याकाळपर्यंत गावात झालं, म्याडमनी सरांच्या अस्थी माळावर पुरल्या.

बाई भाद्रपदात आल्या. पन्नाशीच्या, कॅनव्हासचे बूट, कमी बोलणाऱ्या. "कुठं आहे?" त्यांनी विचारलं. माझा हात वर गेला आणि पाहते तर बोट मुडपलेलं. कधी लागली ही खोड, मलाच कळलं नव्हतं. आबा माझ्या बोटाकडं बघत होते. मी ते सरळ केलं. "ही. ती. आणि एक आबांच्या पायाशी." आबा टुणकन बाजूला झाले. बाई वेलीपाशी गुडघ्यावर बसल्या. जाताना म्हणाल्या, "अहवालात नेमकी जागा लिहीत नाही. तालुका लिहिते फक्त." त्या शहाण्या होत्या. कागद झाला. झाडांची योजना खाली कालव्याच्या कडेला गेली, तिथं आबांची झाडं छान आली आहेत.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मला धास्ती वाटत होती. मी सरळ बोट दाखवलं होतं, आणि त्याच्या मागनं माणसं येतात.

आलीच. पुढच्या पावसाळ्यात गिरणीपाशी एक गाडी थांबली. गळ्यात मोठ्या लेन्सचे कॅमेरे, आणि पिशवीत खुरपी. त्यांनी काकूंना माळाचा रस्ता विचारला. काकू म्हणाल्या, "जावा की. पर दुपारचं जाऊ नगा, सर असत्यात."

"कोण सर?"

"वारलं त्ये."

ते हसले म्हणे. मग रस्त्यावरून त्यांनी वर माळाकडं पाहिलं. तिथं काहीतरी पांढरं आडवं पडलेलं होतं. गाडी वळली ती परत आली नाही.

ते पांढरं म्हणजे मी. तास संपला की मी माळावर जाते, सनकोट आणि स्कार्फ तसाच ठेवून, आणि जमिनीला कान लावून पडते. खोदलेलं काही दिसतंय का ते आधी बघून घेते, मग पडते. इतक्या लांबून बाई की पुरुष कुणाला कळतंय? गावाला सर दिसतात. आबांना खरं माहीत आहे, पण ते बोलत नाहीत आणि मीही नाही. एका अंगानं कागद राखतो, दुसऱ्या अंगानं भूत. भुताची नोकरी बिनपगारी आहे, आणि रजा मिळत नाही.

सरांचं ते बोट मात्र मला अलीकडं वेगळंच आठवतं. ती परवानगी नव्हतीच. माळ दाखवण्यासाठी त्यांनी बोट सरळ केलं नव्हतं, त्यांनी माळाला मी दाखवली होती. आणि त्या बोटाच्या मागनं माळ माझ्याकडं आला.

मागच्या आठवड्यात नवऱ्याला ताप होता. पूर्ण आठवडा मी दौंडच्या घराबाहेर पडले नाही. सोमवारी कॉलेजच्या फाटकातच आबा भेटले. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, जपा जरा. ऊन बाधंल. काल तर लय येळ पडून व्हता."

"काल?"

"व्हय, म्याच बघितलं की वाटेवरनं. कुशीवर, गालाखाली हात घिऊन."

मी कधी गालाखाली हात घेत नाही. खडे टोचतात म्हणून स्कार्फची घडी घेते.

"हो," मी म्हटलं. "काल जरा वेळच झाला."

त्या दिवशी तास काही धड झाले नाहीत. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. दुपारी स्कूटर गिरणीपाशी लावली आणि गेले. माळ नेहमीसारखाच होता, सावल्या ज्याच्या त्याच्या पायाखाली. कडेला चपला काढून काखेत धरल्या. आजवर ते वाक्य मी सवयीनं म्हणत आले होते, नक्की कुणाला ते मनाशी कधी ठरवलं नव्हतं. गवतातली किरकिर पुढच्या बाजूला आधीच थांबलेली होती. मी वाकले.

"उठू नका, सर," मी म्हटलं. "मीच आहे."